वाईत एक मुक्काम: कृष्णाकाठी फिरण्याची सविस्तर आखणी

पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या वाईत थांबतात त्या चहासाठी, फार तर ढोल्या गणपतीला हात जोडण्यापुरत्या. वीस मिनिटांत दर्शन, घाटावर एक फोटो आणि पसरणी घाटाच्या वळणांना सुरुवात. एवढ्यावर वाई पाहून झाली असं समजणारे लोक खूप आहेत. माझं मत उलट आहे. एकच रात्र हातात असेल तर ती वर थंड हवेत न घालवता खाली वाईत घालवा आणि पाचगणीला दुसऱ्या दिवशी दुपारी चक्कर मारून या. ती वाईपासून १२-१३ किलोमीटरवरच आहे.

वाई पाहताना एक सूत्र धरा: नदीकडून गावाकडे बघायचं. इथली देवळं, आळ्या, उत्सव, अगदी देवळाच्या भिंतीचा आकारसुद्धा कृष्णेने ठरवलेला आहे. रस्त्याकडून आलात तर दुकानं आणि पार्किंग दिसतं, पाण्याकडून पाहिलंत तर गाव दिसतं. खालची सगळी आखणी याच हिशोबाने केली आहे.

कधी जावं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वात सुखाचा काळ. पाऊस संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, नदीला पाणी असतं आणि सकाळी घाटावर बसायला शाल लागते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी घाटाचा दगड चांगलाच तापतो. तेव्हा सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच फिरायचं, मधला वेळ वामकुक्षीचा.

पावसाळ्याचं थोडं वेगळं आहे. महाबळेश्वर डोक्यावर असलं तरी तिथल्याइतका पाऊस वाईत पडत नाही. पण वरच्या अंगाला धोम धरण आहे. त्यातून विसर्ग वाढवला की घाट पाण्याखाली जातात आणि गणपतीच्या देवळापर्यंत पाणी येतं. तो देखावा पाहायला गर्दी होते. तो लांबून, उंचावरून पाहावा. अशा दिवसांत पायऱ्यांवर उतरायचं नाही. शेवाळ इतकं असतं की पाय ठरत नाही, आणि पाणी कधी वाढेल याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही.

जमलं तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी वाईची खरी अडचण वाईमुळे नसते. वर जाणारी सगळी वाहनं गावातूनच जातात, त्यांची ती गर्दी असते.

पोहोचायचं कसं

पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर. बंगळूर महामार्गाने खेड-शिवापूर, शिरवळ, खंडाळा करत खंबाटकी घाट ओलांडायचा आणि सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. तिथून वाई दहा-बारा किलोमीटर. या वाटेवर खेड-शिवापूरचा टोलनाका लागतो. आनेवाडीचा नाका सुरूरच्या पुढे, साताऱ्याच्या बाजूला आहे. तो साताऱ्याहून येणाऱ्यांना लागतो. शनिवारी सकाळी खंबाटकीत ट्रक आणि गाड्यांची कोंडी होते. एकतर साडेसहाच्या आत पुणे सोडा, नाहीतर शुक्रवारी रात्रीच पोहोचा.

एसटीने जाणं सोपं आहे. स्वारगेटहून महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या गाड्या वाईवरूनच जातात. वाईचं बसस्थानक गावातच आहे, घाट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. रेल्वेने येणार असाल तर सातारा किंवा वाठार स्टेशनला उतरून पुढे एसटी किंवा जीप. सातारा ते वाई ३५ किलोमीटर धरा. मुंबईकरांनी रेल्वेचा फार विचार करू नये, थेट बस बरी.

मुक्कामाचे दोन पर्याय. गावात साधी लॉज आणि हॉटेलं आहेत, तर मेणवली, पसरणी, धोम या बाजूला घरगुती निवास आणि रिसॉर्ट. पहाटे घाटावर जायचं असेल तर गावात राहा. सोबत लहान मुलं असतील, अंगण-झाडं हवी असतील तर बाहेर. बुकिंग करताना «नदीकाठी» या शब्दावर न जाता खोलीपासून नदी खरंच किती अंतरावर आहे ते विचारा.

पहिली संध्याकाळ: घाट

दुपारी पोहोचून थोडं टेकलात की साडेचारच्या सुमारास बाहेर पडा. वाईत सात घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी. ही नुसती घाटांची नावं नाहीत, त्या आळ्या आहेत. जुन्या वाईकराला कुठला म्हणून विचारलंत तर उत्तरात आळी येते. प्रत्येक आळीचा आपला घाट, आपला उत्सव, आपला अभिमान.

सगळे घाट पाहायची घाई करू नका. गणपती आळीच्या घाटापासून सुरुवात करा आणि काठाकाठाने चालत राहा. कुठे वाट सलग मिळते, कुठे आळीतून वळसा घालून परत पाण्याकडे उतरावं लागतं. हे वळसेच महत्त्वाचे, कारण जुन्या वाड्यांची दारं, कोनाडे, लाकडी खांब त्याच बोळांत दिसतात. बरेच वाडे पडले, काहींच्या जागी इमारती आल्या. जे उरलेत त्यांत माणसं राहतात. दार उघडं दिसलं म्हणून मोबाईल घेऊन आत शिरू नये. विचारलं तर बहुतेक जण हसून आत घेतात, आणि मग अर्धा तास सुटका नसते.

घाट हा रोजच्या वापरातला आहे. इथे कपडे धुतले जातात, आंघोळी होतात, दहाव्या-तेराव्याचे विधी चालतात. क्रियाकर्मं चालू असतील तिथून मुकाट्याने पुढे जावं, कॅमेरा खाली ठेवावा. धुणं धुणाऱ्या बायकांचे «सुंदर ग्रामीण जीवन» म्हणून फोटो काढणं तर साफ बंद करायला हवं. आणखी एक: पाणी पवित्र मानलं जातं म्हणून ते पिण्याजोगं होत नाही. हात-पाय धुवा, आचमन टाळा. पोहता येत असलं तरी अनोळखी डोहात उतरू नका.

दिवेलागणीला काशीविश्वेश्वराच्या बाजूने परत या. देवळांची नीट ओळख मात्र सकाळी करून घ्यायची.

दुसरा दिवस, पहाट: ढोल्या गणपती आणि काशीविश्वेश्वर

सहा-साडेसहाला घाटावर या. ऊन वर आलं की पर्यटकही येतात.

महागणपतीचं हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंच्या माहेरचे, पेशवाईतले मोठे सावकार आणि सरदार. वाईच्या घाटांवरची बरीच देवळं या एका घराण्याची देणगी आहेत. गाभाऱ्यातली मूर्ती एकाच दगडात घडवलेली, बसलेली असूनही माणसाच्या उंचीच्या वर जाणारी. ढोल्या हे नाव त्या देहावरून पडलं, आणि वाईकर ते लाडाने घेतात.

दर्शन झालं की बहुतेक जण समोरच्या समोर परत फिरतात. तुम्ही देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. मागची भिंत सपाट नाही. ती माशासारखी निमुळती होत जाते आणि तिचं टोक पाण्याच्या येण्याच्या दिशेला आहे. पुराचा लोंढा आला की तो या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावा, भिंतीवर सरळ आदळू नये, यासाठी ही रचना. नदीपात्राला इतकं खेटून देऊळ बांधायचं तर पूर येणार हे बांधणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. अडीचशेहून जास्त वर्षं हे देऊळ पाणी अंगावर घेत उभं आहे. मला विचाराल तर वाईत एकच गोष्ट पाहायची असेल तर ही भिंत पाहावी, आणि ती मागून, पाण्याच्या बाजूने.

शेजारीच काशीविश्वेश्वर. हे आनंदराव भिकाजी रास्त्यांचं, १७५७ चं. तटबंदीचं आवार, दारावर नगारखाना, आत दीपमाळा. इथे वेळ द्यायचा तो नंदीला. काळ्या दगडातला हा नंदी, गळ्यातल्या घंटांच्या माळा, पाठीवरची झूल, सगळं इतकं बारकाईने कोरलंय की कारागिराने जिवंत बैलाचा साज समोर ठेवूनच काम केलं असणार. सकाळचं तिरपं ऊन पडलं की कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी तेच सपाट वाटतं. महालक्ष्मी आणि विष्णू ही देवळंही आनंदराव रास्त्यांचीच. ती चालता चालता पाहून होतात.

मग नाश्ता. बसस्थानकाच्या आसपास आणि बाजारात मिसळ, पोहे, वडापाव मिळतो. कुठल्या टपरीवर जायचं ते गर्दी बघून ठरवा, इंटरनेटवरचे तारे मोजून नको.

गंगापुरी: पुस्तकांची वाई

साडेनऊच्या सुमारास गंगापुरीकडे वळा. पाहण्यासारखं म्हणावं तर इथे फार काही नाही, आणि तरीही मी हा भाग वगळू देणार नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी उभी केलेली प्राज्ञपाठशाळा इथे आहे. १९१७ च्या सुमारास तरुण विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला आले ते याच शास्त्रीबुवांकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले तेही इथेच. धर्मकोशाचं प्रचंड काम याच पाठशाळेने हाती घेतलं. पुढे तर्कतीर्थ मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले आणि त्या विश्वकोशाचं कार्यालयही वाईतच राहिलं. पहिला खंड १९७६ मध्ये आला. मुंबई-पुणे सोडून एवढ्या मोठ्या कोशाचं काम कृष्णेकाठच्या तालुक्याच्या गावात चालावं, हे आजही थोडं नवलाचं वाटतं.

ही कार्यालयं आहेत, संग्रहालयं नाहीत. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, आधी विचारून जावं. शाळकरी मुलं सोबत असतील तर निघण्याआधी विश्वकोशातली «वाई» आणि «कृष्णा» ही नोंद मोबाईलवर वाचून घ्या. विश्वकोश आता ऑनलाइन फुकट आहे. नोंद वाचून मग हे गाव बघणं मुलांना आवडतं.

मेणवली: दोन तास राखून ठेवा

वाईपासून मेणवली तीन किलोमीटर, नदीच्या वरच्या अंगाला. रिक्षा मिळते, भाडं बसण्याआधी ठरवा आणि थांबण्याचा वेळही बोलून घ्या. सकाळी चालत जाणंही मजेचं आहे, वाटेत ऊस आणि हळदीची शेतं लागतात.

इथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. मेणवली गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळालं, त्यानंतर त्यांनी वाडा, घाट आणि देवळं बांधून घेतली. सहा चौकांचा हा वाडा तिकीट काढून पाहता येतो. भिंतींवर जुनी रंगचित्रं आहेत, काही पुसट, काही अजून टवटवीत. ती पाहताना फ्लॅश वापरू नका आणि भिंतीला टेकू नका. पेशवाईचा सगळा कारभार ज्याच्या नजरेखालून गेला त्या माणसाचं हे घर. इथल्या कागदपत्रांचा संग्रह मेणवली दप्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. कधी चित्रीकरण चालू असेल तर वाडा पाहता येत नाही. तेव्हा निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणाहून चौकशी करून घ्या.

चित्रीकरणाचा विषय निघालाच आहे तर: हा घाट अनेक हिंदी-मराठी सिनेमांत दिसला आहे आणि वाटाडे तुम्हाला अमुक नट इथे बसला, तमुक गाणं तिथे झालं हे उत्साहाने सांगतील. ऐका, पण सगळा वेळ त्यात घालवू नका.

वाड्याच्या मागून पायऱ्या उतरल्या की चंद्रकोरीच्या आकाराचा घाट लागतो. वाईच्या घाटांपेक्षा हा शांत आणि माझ्या दृष्टीने देखणाही. काठावर मेणेश्वर महादेवाचं आणि विष्णूचं देऊळ. मेणेश्वरापाशी एका छोट्या दगडी मंडपात मोठी थोरली घंटा टांगलेली आहे. ती नीट न्याहाळा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती. ही पोर्तुगीज चर्चची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत लागल्या. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ, भीमाशंकर इथेही अशा घंटा आहेत. पुढ्यात महादेव आणि घंटेवर मेरी, गावाला त्यात काहीच वावगं वाटत नाही. घंटा जोरजोरात वाजवण्याची हौस टाळा. ती जुनी आहे आणि शेजारी लोक राहतात.

धोम

मेणवलीहून तसंच पुढे गेलं की धोम. वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. इथे लोक धरण पाहायला येतात, मी सांगेन की आधी देऊळ. धोमेश्वराच्या आवारात पाण्याच्या दगडी कुंडात भलंमोठं कासव आहे आणि त्याच्या पाठीवरच्या मंडपात नंदी. कुंडात पाणी असलं की कासव पोहत निघाल्याचा भास होतो, उन्हाळ्यात कोरडं पडलं की त्याची घडण कळते. दोन्ही वेळा पाहावं असं. शेजारी नृसिंहाचं देऊळ आहे. आवारात गर्दी क्वचित असते.

धरणाच्या जलाशयाकडे संध्याकाळी जा. कमळगडाचा डोंगर पाण्याच्या पलीकडे उभा असतो. पाण्यात उतरणं मात्र नको. जलाशयाचा काठ एकदम खोल होतो.

आणखी अर्धा दिवस असेल तर

चालणाऱ्यांसाठी वाईच्या भोवती किल्ल्यांचं कडंच आहे. पांडवगड गावातून समोर दिसतो. तो आणि वैराटगड दोन्ही शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातले मानले जातात. वैराटगडाला व्याजवाडीतून वाट आहे, चढ खडा पण वेळ कमी लागतो. कमळगडाला धोमच्या पलीकडे वासोळ्याहून जायचं. वर दगडात खोल चिरत गेलेली गेरूची विहीर आहे. आत उतरताना भिंतींचा तांबडा रंग हाताला लागतो, म्हणून पांढरे कपडे घालू नका. कमळगडाची वाट झाडीतून जाते, पहिल्यांदा जात असाल तर गावातला माणूस सोबत घ्या.

चढायचं नसेल तर लोहाऱ्याजवळची पालपेश्वर लेणी बघा. मूळची बौद्ध लेणी, आता महादेवाचं स्थान. माणसं फारशी फिरकत नाहीत.

आणि पाचगणीला जाताना पसरणी गावाची आठवण ठेवा. शाहीर साबळे इथले. घाट चढताना एखाद्या सुरक्षित जागी गाडी लावून खाली बघा: कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, मधोमध वाई. पाचगणीच्या पुढे भिलार, पुस्तकांचं गाव. २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं ठेवलेली आहेत आणि कुणीही बसून वाचू शकतं. स्ट्रॉबेरी हवी असेल तर डिसेंबर ते मार्च.

यात्रा-उत्सव धरून जायचं असेल तर

कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सव हा वाईचा घरचा सण. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून तो सुरू झाला अशी परंपरा आहे. खान १६५९ मध्ये जावळीकडे निघण्याआधी वाईतच तळ देऊन होता, तेव्हा या आठवणीला पाया आहे. थंडी सरत आली की एकेका घाटावर पाळीपाळीने मांडव पडतो, कृष्णाबाई तिथे विराजमान होते, कीर्तनं, पूजा, जेवणावळी होतात आणि मग पुढच्या आळीची पाळी. बाहेरच्याला पंगतीला बोलावतात. बोलावलं तर नाही म्हणू नका, आणि पंगत उठेपर्यंत बसून राहा.

बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच टांगून नेणारा गाडा, रंगपंचमीला. कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून बैलांच्या जोड्या लावून प्रचंड लाकडी बगाड भैरवनाथाकडे ओढत नेतात. गर्दी अफाट, रस्ते बंद. गाडी वाईत ठेवून चालत जा, बैलांच्या मार्गात उभे राहू नका, लहान मुलांना नेऊ नका. मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला. २००५ मध्ये तिथे चेंगराचेंगरीत शेकडो माणसं गेली. देवीला जरूर जा, पण यात्रेचे दिवस आणि मंगळवार-शुक्रवार टाळून.

दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कन्यागत पर्व लागतं. तेव्हा गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे. यापूर्वीचं पर्व २०१६ ला लागलं होतं. त्या काळात खोल्या फार आधी ठरवाव्या लागतात.

जेवण, सामान, परतीची वेळ

दुपारी साध्या खानावळीत भाकरी, पिठलं किंवा भरलं वांगं, ठेचा आणि ताक मागा. सोमवारी आणि चतुर्थीला गावात शाकाहारी गर्दी वाढते, तेव्हा बाराच्या आत बसा. घरी न्यायला हळद घ्या, शक्यतो शेतकऱ्याकडून किंवा जुन्या दुकानातून, दळून ठेवलेली नको, हळकुंडं. कंदी पेढे हवे असतील तर ते साताऱ्याचे. वाईत मिळाले तरी साताऱ्याला जाणार असाल तर तिथेच घ्या.

पायात सहज काढता येतील अशा चपला, थंडीत एक शाल, सुट्टे पैसे, पाण्याची बाटली. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी: गणपतीच्या देवळात फारसं चढ-उतार नाही, मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. त्यांनी वाड्याच्या मागच्या टोकापर्यंत येऊन वरूनच घाट पाहावा, दिसतो छान.

रविवारी परतायचं असेल तर दुपारी अडीच-तीनपर्यंत वाई सोडा. चारनंतर पाचगणी-महाबळेश्वरच्या सगळ्या गाड्या पसरणी घाट उतरून गावात येतात आणि सुरूर फाट्यापर्यंत रांग लागते. ती वेळ चुकलीच तर रांगेत उभं राहू नका. घाटावर जाऊन बसा, जेवून घ्या आणि नऊनंतर निघा.